मिथेनचं मशीन घ्यावं की माणसं तयार करावी? नागपूरहून एक लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: तुम्ही विदर्भातल्या एका नगर परिषदेत इंजिनिअर, देशाच्या मिथेनच्या, म्हणजे हवामान तापवणाऱ्या एका गॅसच्या, मोजणीत आणि रिपोर्टिंगमध्ये सुधारणा करायच्या एका गटात तुमचं नाव घातलंय, क्षमताबांधणी म्हणून, म्हणजे हे काम आपल्या लोकांना जमावं म्हणून, थोडा निधी आलाय, साहेब म्हणतात एक चांगलं मशीन घेऊन टाका, दुसरे म्हणतात हॉटेलात दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवा, आणि तुम्ही विचारून राहिले की यातलं काय करावं आणि मुळात आमच्या गावच्या कचऱ्याचा देशाच्या आकड्याशी संबंध काय.

वीसेक वर्षं याच कामात आहे, सुरुवात कोळशाच्या गॅसपासून झाली, मग कचऱ्यात शिरलो, मधे मधे जनावरं आणि धान. नागपुरात राहून हे काम करायचा फायदा असा की सगळं हाकेच्या अंतरावर आहे. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था इथेच, वेकोलि या कोळसा कंपनीचं मुख्यालय इथेच, पशुविद्यापीठ इथेच, भांडेवाडीचं डम्पिंग यार्ड इथेच आणि दोन तास गाडी हाणली की भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. त्यामुळे जे लिहितोय ते बहुतेक पाहिलेलं आहे.

आधी खरी अडचण कुठे आहे ते बोलू. मशीन की ट्रेनिंग हा प्रश्नच थोडा चुकलाय असं मला वाटतं. देशाचा मिथेनचा आकडा काही मशीनने हवा हुंगून काढलेला नसतो, तो गुणाकार असतो. एका बाजूला किती जनावरं, किती टन कोळसा, किती टन कचरा, आणि दुसऱ्या बाजूला एका जनावरामागे किंवा एका टनामागे किती मिथेन. ही पद्धत आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान शास्त्रज्ञांच्या मंडळाच्या, २००६ च्या मार्गदर्शिकेतली, २०१९ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. तिच्यात तीन पायऱ्या, टियर म्हणतात. पहिल्या पायरीवर पुस्तकातला तयार गुणक वापरायचा, दुसरीवर आपल्या देशात मोजलेला, तिसरीवर थेट मोजमाप नाहीतर मोठं मॉडेल. आता गंमत पाहा, गुणक काढायला देशात शास्त्रज्ञ आहेत, कोळशाचं काम धनबादची सिम्फर ही खाण-इंधन संशोधन संस्था करते, कचऱ्याचं नीरी करत आलीय, ते लोक त्यांच्या कामात पक्के आहेत. पण गुणाकाराची जी दुसरी बाजू, टन आणि डोकी, ती भरतो कोण? तर तुमचा स्वच्छता निरीक्षक, खाणीत हवा खेळती ठेवणारा व्हेंटिलेशनवाला, गावातला पशुधन पर्यवेक्षक. आणि त्याला कोणी सांगितलेलंच नाही की तू लिहितो त्या रजिस्टरचं पुढे काय होतं. म्हणून तो आपला मागच्या महिन्याचा आकडा पुढे ढकलतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

तर तुमच्या गावचा संबंध तो एवढा. धाग्याचं एक टोक दिल्लीत आणि दुसरं तुमच्या वजनकाट्यावर.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच कबूल करतो, नाहीतर नंतर म्हणाल काका एक बोलले आणि निघालं दुसरंच. तुमच्या भागात खाण आहे की नाही, धान आहे की कापूस-सोयाबीन, कचरा एका जागी जातो की चार खड्ड्यांत, तुमच्या गटाला आकडे मागायचा लेखी अधिकार आहे की नुसती मीटिंगची नोटीस, यावर उत्तर बदलतं. आणि देशाच्या पातळीवर पाहिलं तर कचरा हा काही पहिला मानकरी नाही. २०१६ च्या हिशेबात देशातल्या मिथेनपैकी जवळपास तीन चतुर्थांश शेती आणि जनावरांकडून होता, कचरा-सांडपाण्याचा साधारण १४ टक्के आणि ऊर्जा क्षेत्राचा, म्हणजे कोळसा, तेल, गॅस, चुली मिळून, ११ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे सगळा निधी कचऱ्याच्या मशीनवर घालवणं हे देशाच्या नजरेतून तसंही उलटंच आहे. आयपीसीसीच्या भाषेत आधी मुख्य स्रोत शोधा म्हणतात, म्हणजे सगळे स्रोत मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत्या क्रमाने मांडायचे आणि बेरीज ९५ टक्क्यांवर पोचेपर्यंत जे येतील तिथेच जास्त मेहनत करायची. तुमच्या जिल्ह्यासाठी हे एका कागदावर एका दुपारी होतं, कोणी कन्सल्टंट लागत नाही.

आपली माणसं, आपलं मोजमाप कशाला पाहिजे, याचा एक जुना किस्सा या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, तुम्हाला नसेल तर सांगतो. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजात भारतातली भातशेती वर्षाला जवळपास ३८ दशलक्ष टन मिथेन सोडते असं आलं. तो अंदाज परदेशातल्या शेतांवरच्या मोजमापांवरून काढलेला होता. मग दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशभर शेतात पेट्या लावून मोजलं आणि उत्तर आलं ४ दशलक्ष टनांच्या आसपास. नऊपटीचा फरक! आपल्याकडे तेव्हा मोजणारे लोक नसते तर तो ३८ चा आकडा घेऊन आपण किती वर्षं बैठकांत मान खाली घालून बसलो असतो कोण जाणे. आणि ती मोजणी काही रॉकेट सायन्स नव्हती हो. धानाच्या चुडांवर एक पारदर्शक पेटी उपडी ठेवायची, बूड पाण्यात बसवायचं म्हणजे हवा बाहेर जात नाही, ठरलेल्या मिनिटांनी सुईने आतली हवा ओढायची, प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, लावायची आणि मिथेन किती वेगाने वाढला ते पाहायचं. अवघड होतं ते एवढंच की देशभरातल्या सगळ्या टीमनी एकाच पद्धतीने, एकाच प्रमाणित गॅसशी, म्हणजे ज्यात मिथेन किती ते आधीच पक्कं माहीत आहे अशा गॅसशी, ताडून, न कंटाळता अख्खा हंगाम ते करणं. क्षमता म्हणतात ती हीच.

आता तुमच्या अंगणात येऊ, कचऱ्यात, कारण इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

डम्पिंग यार्डातून किती मिथेन निघतो हे काढताना एक गुणक येतो, ढीग किती खोल आहे त्याचा. कारण आत हवा पोचली नाही की कुजणं हवेविना होतं आणि मिथेन बनतो. अव्यवस्थित ढीग ५ मीटरपेक्षा कमी खोल असेल तर हा गुणक ०.४ आणि ५ मीटर किंवा जास्त असेल तर ०.८. म्हणजे सरळ दुप्पट. समजा कचऱ्यातला कुजणाऱ्या कार्बनचा वाटा ०.११ धरला, बाकीचे गुणक पुस्तकातले घेतले, तर १००० टन कचऱ्यामागे पुढच्या अनेक वर्षांत मिळून एकूण साधारण १५ टन मिथेन येतो नाहीतर २९ टन. एका टेपच्या मापावर १४ टन इकडचे तिकडे. आणि ही उंची कोण लिहितो? मी एका गावात विचारलं तर सांगितलं “असेल चार-साडेचार मीटर”. दुसऱ्या दिवशी ऑटो लेव्हल, म्हणजे उंची काढायचं सर्व्हेचं यंत्र, लावून पाहिलं, मधला टेकडा आठच्या वर होता आणि कडेने दीड मीटर. तो चार-साडेचार कुठून आला तर पाच वर्षांपूर्वीच्या टेंडरच्या कागदातून. तुम्ही इंजिनिअर आहात, तुमच्याकडे लेव्हल आहे, मापाची पट्टी (स्टाफ) धरायला माणूस आहे, वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, यार्डाचे कंटूर, म्हणजे उंचीचा नकाशा, काढून ठेवा. लाखाच्या मशीनपेक्षा या एका कागदाने आकडा जास्त सुधारेल हे मी लिहून देतो.

तसाच दुसरा गुणक, कुजण्याचा वेग. उष्ण कटिबंधात वर्षाचा पाऊस १००० मिलिमीटरच्या वर असेल तर मिश्र कचऱ्याला ०.१७ आणि खाली असेल तर ०.०६५. पहिल्यात निम्मा माल साधारण चार वर्षांत कुजतो, दुसऱ्यात साडेदहा वर्षं लागतात. आता आपला विदर्भ पाहा, नागपूरला सरासरी हजाराच्या थोडी वर, पण अमरावती-अकोल्याकडे गेलं की खाली. म्हणजे रेघ आपल्याच मधून जाते! कोणी एका वर्षाचा पाऊस धरला, कोणी तीस वर्षांची सरासरी धरली, तर शेजारशेजारच्या दोन गावांचे आकडे जुळणारच नाहीत आणि वरच्या ऑफिसात बसलेल्याला वाटेल यांनी काहीतरी घोळ केला. घोळ नाही, फक्त कोणी लिहून ठेवलं नाही की मी कोणता पाऊस धरला. माझ्या अनुभवात अशा प्रकरणांत चुकीच्या गणितापेक्षा न लिहिलेल्या गृहीतकाने जास्त वाट लावलीय.

आणि वजनकाटा. याचं काय सांगू. एका ठिकाणी काटा कित्येक महिने बंद होता आणि रजिस्टर मात्र रोज भरलेलं, सुंदर अक्षरात. ट्रिपा गुणिले तीन टन. कॉम्पॅक्टर असो की घंटागाडी, तीन टन. त्यात मलबा आणणारे टिप्परही धरलेले, आता मलबा काही कुजत नाही, त्यातून मिथेन यायचा प्रश्नच नाही, पण टनांत तो बसला की कागदावर गावभर मिथेन. काट्यावरच्या पोराला मी चहा पाजत विचारलं, तो म्हणाला, “साहेब, मले कोणी सांगतलंच नाही का मलबा अलग लिहा लागते.” त्या एका वाक्यात तुमचं अख्खं क्षमताबांधणीचं प्रपोजल आहे. आम्ही त्याला रजिस्टरमध्ये एक कॉलम वाढवून दिला, ओला, सुका, मिश्र, मलबा, आणि काटा बंद असेल तर त्या दिवशी लाल पेनाने ‘अंदाज’ लिहायचं एवढंच सांगितलं. पुढच्या वर्षी तिथला डेटा मी डोळे झाकून नाही पण एक डोळा झाकून वापरला.

एक अजून, कचऱ्याच्या हिशेबाला जुना इतिहास लागतो कारण आज निघणारा मिथेन हा मागच्या कित्येक वर्षांत टाकलेल्या कचऱ्याचा असतो. पुस्तक तर म्हणतं पन्नास वर्षं मागे जा. एवढं कुठून मिळणार, पण निवृत्त झालेले दोन-तीन आरोग्य निरीक्षक शोधा, ते सांगतात यार्ड केव्हा सुरू झालं, आग केव्हा लागली, आधी कचरा कोणत्या खदानीत जायचा. आणि बायोमायनिंग, म्हणजे जुना ढीग उपसून चाळणं, झालं असेल तर किती टन बाहेर काढलं ते वजा करायला विसरू नका, हे विसरलेलं मी नको तितक्या वेळा पाहिलंय.

कोळसा. तुमच्याकडे खाण नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. अंडरग्राउंड खाणीत गॅसच्या हिशेबाने कोळशाच्या थरांचे तीन दर्जे असतात, पहिल्यात टनामागे १ घनमीटरपर्यंत, दुसऱ्यात १ ते १०, तिसऱ्यात १० च्या वर. ही विभागणी सुरक्षेसाठी केलेली आहे, हवामानासाठी नाही, पण आपल्या देशी गुणकांनी तिचाच आधार घेतला, दुसऱ्या दर्जाला खाणकामाच्या वेळचा टनामागे १३.०८ घनमीटर (हो, दर्जाच्या १० च्या मर्यादेहूनही जास्त) आणि खुल्या खाणीला १.१८. आता मजा अशी की अंडरग्राउंड खाणीत मिथेन रोज मोजलाच जातो, स्फोट होऊ नये म्हणून. समजा परतीच्या हवेत, म्हणजे खाणीतून फिरून बाहेर येणाऱ्या हवेत, ०.०५ टक्के मिथेन आहे आणि हवा मिनिटाला ३००० घनमीटर, तर मिनिटाला दीड घनमीटर मिथेन, दिवसाला २१६०. त्या दिवशी ६०० टन कोळसा निघाला तर टनामागे ३.६ घनमीटर. म्हणजे डेटा पडलेला आहे! फक्त टक्केवारी एका रजिस्टरमध्ये, हवेचं माप दुसऱ्यात आणि कोळशाचे टन तिसऱ्याच टेबलावर, तिघांची गाठ कधी पडत नाही. एकदा आम्ही गाठ घालून दिली तर एका दिवसाचा आकडा टनामागे ४३ आला, सगळे घाबरले, मग कळलं त्या दिवशी उत्पादन जवळजवळ बंद होतं, पन्नासच टन निघाला होता आणि गॅस काही सुटी घेत नाही. म्हणून महिन्याची बेरीज करून भागायचं, रोजचं नाही. असल्या चुका पुस्तकात सापडत नाहीत, करूनच कळतात, म्हणून मी ट्रेनिंगमध्ये मुद्दाम करू देतो. बाकी देशातला बहुतेक कोळसा आता खुल्या खाणीतून निघतो, तिथे परतीची हवा नावाचा प्रकारच नाही, गॅस सगळीकडून जातो, तिथलं मोजमाप खरंच अवघड आहे आणि तिथे मात्र शास्त्रज्ञ आणि मशीन दोन्ही लागतात.

जनावरांचं थोडक्यात. दुभत्या गावरान गाईला वर्षाला २८ किलो मिथेन, संकरित गाईला ४३, म्हशीला ५० असे आपले देशी गुणक वापरात आहेत, लहान वासराला ९ वगैरे. म्हणजे मोजणाऱ्याने गावरान गाय संकरित लिहिली की डोक्यामागे १५ किलो वाढले. आणि आपल्याकडे प्रत्येक काळ्यापांढऱ्या गाईला ‘जर्सी’ म्हणायची पद्धत आहे, ती जर्सी नसते तरी. वर्ध्याकडची गवळाऊ आणि कुठून तरी आणलेली संकरित गाय खातात वेगळं, वजन वेगळं, दूध वेगळं. पशुगणना पाच वर्षांनी होते, २०१९ च्या गणनेत देशात १९ कोटींवर गाई-बैल आणि ११ कोटींच्या आसपास म्हशी निघाल्या, एवढ्या मोठ्या आकड्यात दोन-चार टक्के चुकीचे लिहिले गेले तरी किती होतात ते तुम्हीच गुणून पाहा. इथे क्षमताबांधणी म्हणजे पशुवैद्यकीयच्या पोरांना घेऊन शंभर गोठ्यांत फिरणं, छातीचा घेर मापून वजन काढणं, काय खातं ते लिहिणं. मिथेन मोजायचं मशीन त्यात कुठेच नाही आणि तरी आकडा एक पायरी वर चढतो.

धानाचंही तसंच. कायम पाणी भरलेल्या बांधीला हेक्टरी १६२ किलो मिथेन, हंगामात एकदा सुकवली तर ६६, अनेकदा सुकवली तर १८. सात-बाराच्या पीकपेऱ्यात धान किती हेक्टर ते आहे, पण पाणी कितीदा उतरलं ते कुठेच नाही. ते माहीत असतं पाणी सोडणाऱ्याला आणि रोवणीला गेलेल्या बायांना. त्यांना विचारायचा एक कागद बनवा, दहा प्रश्नांचा, आणि कृषी सहायकाकडून हंगामात तीनदा भरून घ्या.

आता मशीन. मी मशीनच्या विरुद्ध नाही, माझ्याकडेही आहेत. पण साहेबांना एवढं समजावून सांगा की हातातलं मिथेन मीटर सांगतं की इथल्या हवेत किती मिथेन आहे, ते हे सांगत नाही की तासाला किती किलो निघून राहिला. स्वच्छ हवेतसुद्धा १.९ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १.९ भाग) आसपास मिथेन असतोच. मीटर घेऊन ढिगावर फिरलात, एका भेगेवर आकडा टप्पकन वर गेला, फोटो छान येतो, पेपरात बातमी येते, पण रिपोर्टात लिहायला हातात काही नाही. त्या आकड्याचे किलो करायला वारा, क्षेत्रफळ, पेटी, किती ठिकाणी, किती वेळा, हे सगळं लागतं आणि ते करणारा माणूस लागतो. शिवाय मशीनला दर काही महिन्यांनी प्रमाणित गॅसच्या सिलिंडरवर ताडावं लागतं, तो खर्च कोणी बजेटमध्ये धरत नाही. दोन वर्षांनी मशीन कपाटात, चावी बदली झालेल्या माणसाकडे. पाहिलंय मी असं, एकदा नाही.

आणि उपग्रह आहेत ना, मग आपण कशाला मोजायचं, असं पण कोणीतरी म्हणेलच. ट्रोपोमी नावाचं उपकरण २०१७ पासून वर फिरतंय, रोज पृथ्वी पाहतं, पण त्याचा एक ठिपका साडेपाच बाय सात किलोमीटरचा, म्हणजे अख्खं नागपूर शहर बोटांवर मोजता येतील एवढ्या ठिपक्यांत. जास्त बारीक पाहणारेही आहेत आणि मुंबई-दिल्लीच्या कचऱ्याच्या डोंगरांवरचा मिथेन त्यांनी दाखवलाय, ते काम चांगलंच आहे. पण पावसाळ्यात ढगांतून त्यांना दिसत नाही, नेमकं त्याच महिन्यांत धानाच्या बांध्या भरलेल्या असतात. आणि मिथेनसॅट नावाचा उपग्रह मोठ्या गाजावाजाने मार्च २०२४ मध्ये वर गेला, जून २०२५ मध्ये त्याच्याशी संपर्कच तुटला. त्यामुळे उपग्रहाचा आकडा तपासणीसाठी घ्या, आपला आणि त्याचा फार लांब गेला तर कोण चुकलं ते शोधा. आपली वही बंद करून त्याच्या भरवशावर बसू नका.

मग पैसे कुठे घालायचे? मी असतो तर रुपयातले बारा आणे माणसांवर आणि वह्यांवर, चार आणे मोजमापावर. ट्रेनिंग हॉटेलात नाहीच. पहिला अर्धा दिवस यार्डात, टेप आणि लेव्हल घेऊन. मग मी लोकांना दुसऱ्या गावाच्या रजिस्टरची झेरॉक्स देतो, नाव खोडून, त्यात मीच सहा चुका पेरलेल्या असतात, कुठे किलोचे टन, कुठे एकच ट्रिप दोनदा, कुठे रविवारीसुद्धा नेमका तोच आकडा. शोधा म्हणतो. दुसऱ्याची चूक काढायला माणूस कसा उत्साहाने बसतो ते पाहण्यासारखं असतं, तर्री पोहे थंड होतात पण कोणी उठत नाही. त्यानंतर स्वतःचं रजिस्टर काढायला लावतो, मग चेहरे पडतात. पण त्यानंतरचा डेटा सुधारतो, हे नक्की.

दुसरं म्हणजे एका माणसाला नाही, एका खुर्चीला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीला ट्रेन करा. आपल्याकडे बदली म्हणजे ऋतूसारखी, येणारच. माझी परीक्षा सोपी आहे, ज्याने आकडा काढला त्याला सुटीवर पाठवा आणि दुसऱ्याला म्हणा फक्त त्याची फाइल पाहून तोच आकडा पुन्हा काढून दाखव. निघाला तर तुमच्याकडे क्षमता आहे. नाही निघाला तर तुमच्याकडे एक हुशार माणूस आहे, आणि तो पुढच्या जूनमध्ये गडचिरोलीला जाणार आहे. त्यासाठी प्रत्येक आकड्यामागे एक पान पाहिजे, कुठून आला, कोणी दिला, कोणत्या तारखेला, काय गृहीत धरलं, किती भरवसा. आयपीसीसीचं स्वतःचं इन्व्हेंटरी, म्हणजे उत्सर्जनाच्या हिशेबाचं, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते शिकवाच, पण आधी हे पान.

एकक सांभाळा. मिथेनचा आकडा कोणी कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत दिला, म्हणजे एक टन मिथेन तापवण्यात किती टन कार्बन डायऑक्साइडएवढा ते धरून, तर पहिला प्रश्न, कितीने गुणलं? जुन्या अहवालांत २१, मधे २५ आला, पॅरिस करारानंतरच्या नियमांत २८. एका मीटिंगमध्ये जुना २१ वाला आणि नवा २८ वाला असे दोन तक्ते शेजारी ठेवून “मिथेन ३३ टक्के वाढला” अशी बोंब झाली होती. वाढला काहीच नव्हता. म्हणून मी नेहमी मिथेनचे नुसते टन मागतो, गुणायचं नंतर पाहू.

एक अडचण मात्र ट्रेनिंगने सुटत नाही, ती आधीच सांगून ठेवतो. आकडा सुधारला की बरेचदा वाढतो. उंची नीट मोजली, ०.४ चा ०.८ झाला, साहेब म्हणणार आपल्या काळात प्रदूषण दुप्पट कसं झालं, जुनाच ठेवा. इथे तुमची खरी कसोटी आहे. नियम असा आहे की पद्धत बदलली तर मागची सगळी वर्षं नव्या पद्धतीने पुन्हा काढायची, म्हणजे उडी दिसत नाही, आणि बदल का केला ते अहवालात लिहायचं. हे जगभर करतात आणि त्यात कमीपणा नाही. मीटिंगच्या आधीच साहेबांसमोर मागच्या दहा वर्षांची जुनी आणि नवी रेघ एकाच कागदावर ठेवा, तोंडी सांगत बसू नका. मी एकदा तोंडी सांगितलं होतं, पुढच्या तीन मीटिंगांना मला बोलावलंच नाही.

घाई का, तर देशाला आता दर दोन वर्षांनी पारदर्शकता अहवाल द्यायचाय, पॅरिस कराराखाली. चौथा द्वैवार्षिक अहवाल आपण ३० डिसेंबर २०२४ ला दिला आणि त्यात आकडे २०२० चे होते, एकूण उत्सर्जनात मिथेनचा वाटा १३ टक्क्यांच्या वर. चार वर्षांचं हे अंतर दिल्लीतल्या लोकांच्या आळसामुळे पडतं असं समजू नका, खालून कागद वर जायलाच तेवढा वेळ लागतो, आणि जे येतं ते साफ करण्यात उरलेला वेळ जातो.

तर सोमवारी ऑफिसात गेलात की मशीनचं कोटेशन मागवायच्या आधी काट्यावरचं मागच्या वर्षभराचं रजिस्टर टेबलावर मागवा आणि त्यात एकसारखे आकडे सलग किती दिवस आलेत ते मोजा. मग यार्डाची उंची. हे दोन झाले की इथे परत लिहा, आणि तुमच्या जिल्ह्यात धान आहे की खाण ते तुम्ही सांगितलंच नाही, तेही लिहा, म्हणजे उरलेल्या चार आण्यांत कोणती पेटी की कोणतं मीटर घ्यायचं ते बोलता येईल.